मिशीवाली मावशी

पुरुषाने बाईची भूमिका करण्याचा विषय मराठीत निघाला की बोलणं बालगंधर्वांपासून सुरू होतं आणि बहुतेकदा तिथेच थांबतं. १९०५ साली सतरा वर्षांचा नारायण श्रीपाद राजहंस किर्लोस्कर मंडळीत शकुंतला म्हणून उभा राहिला. पुढे तो ‘मानापमान’ची भामिनी झाला, ‘स्वयंवर’ची रुक्मिणी झाला, ‘एकच प्याला’ची सिंधू झाला, आणि त्याच्या लुगड्यांची, अंबाड्याची, दागिन्यांची नक्कल घरंदाज बायका करू लागल्या. या कौतुकात खोटं काही नाही. पण या पुस्तकाचा विषय आहे टेबलाभोवती बसून खेळायचे भूमिकांचे खेळ आणि त्यांत आपल्याहून वेगळ्या लिंगाचं पात्र घेणं. त्याचा घरचा पूर्वज शोधायला बालगंधर्वांच्या दारात गेलं तर रिकाम्या हाताने परतावं लागेल. तो पूर्वज सापडतो भारुडात, तमाशाच्या गवळणीतल्या मावशीत आणि भोंडल्याच्या फेरात. माझं म्हणणं एवढंच आहे की वेगळ्या लिंगाची भूमिका किती हुबेहूब वठली, यावर तिची किंमत ठरत नाही. समोरच्याने त्या पात्राला आडवा प्रश्न घातला आणि पात्राला जागच्या जागी उत्तर द्यावं लागलं, तरच करणाऱ्याच्या आणि पाहणाऱ्याच्या डोक्यात काही हलतं. ही कसोटी लावली की मराठी परंपरेचा सगळा नकाशाच वेगळा दिसू लागतो.

आधी खेळाविषयी, कारण मराठी वाचकांपैकी पुष्कळांनी त्याचं फक्त नाव ऐकलेलं असेल. चारसहा जण टेबलाभोवती बसतात. एक जण सूत्रधार असतो, त्याला गेम मास्टर म्हणतात. तो जागा, प्रसंग, शत्रू, गावकरी असं सगळं जग उभं करतो. बाकीचे एकेक पात्र घेतात आणि आपलं पात्र काय करतं, काय बोलतं ते सांगतात. दार फुटलं की नाही, पहारेकरी फसला की नाही, हे चार बाजूंपासून वीस बाजूंपर्यंतच्या फाशांवर ठरतं. संहिता नसते, प्रेक्षक नसतो, आणि गोष्ट कुठे जाणार हे सूत्रधारालाही पुरतं ठाऊक नसतं. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघा अमेरिकनांनी १९७४ मध्ये ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ छापून विकायला काढला, तेव्हापासून या खेळाचा रीतसर इतिहास सुरू होतो. त्याचं मूळ पटावर शिसाचे सैनिक मांडून लढाया लढण्याच्या छंदात होतं आणि तो छंद जवळजवळ सगळा पुरुषांचा होता. त्याच्या खुणा नियमांतही उतरल्या. १९७८ च्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ आवृत्तीच्या नियमपुस्तकात स्त्री पात्राच्या शारीरिक ताकदीला पुरुष पात्रापेक्षा कमी मर्यादा घातली होती. म्हणजे ज्या जगात माणूस हातातून अग्नी फेकू शकतो आणि ड्रॅगन बोलतात, तिथेही बाईच्या दंडात किती बळ असावं, याचा तक्ता आखलेला होता. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत ही मर्यादा गेली. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीने तर पात्राला स्त्री-पुरुष या दोन कप्प्यांत बसवण्याची सक्ती नाही, असं खेळाडूला उघड सांगितलं. चाळीस वर्षांत एका खेळाच्या नियमांनी एवढा पल्ला गाठला. पण नियमांनी मोकळीक दिली, म्हणजे टेबलाभोवतीच्या माणसांनी ती घेतली असं होत नाही.

आता घरच्या मुलखाकडे येऊ. हे पुस्तक पूर्णेत आकाराला आलं, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. पूर्णा हे मनमाडकडून आणि अकोल्याकडून येणाऱ्या रेल्वेमार्गांचं जंक्शन. याच तालुक्यात कंठेश्वरजवळ पूर्णा नदी गोदावरीला मिळते. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत हा भाग निजामाच्या राज्यात होता. संगीत नाटकाचा सुवर्णकाळ मुख्यतः सांगली-मिरज, कोल्हापूर, पुणे, मुंबई या पट्ट्यात घडला. परभणी जिल्ह्यातल्या शेतकऱ्याच्या कानावर त्याचा आवाज आला तो पुष्कळ उशिरा. त्याच्या गावात मात्र सोंग होतं. जत्रेत होतं, सप्त्यात होतं, भजनाच्या फडात होतं. गोदेच्या काठाने वर गेलं की गंगाखेड लागतं, जनाबाईचं गाव. आणखी वर पैठण, एकनाथांचं. जनाबाईच्या अभंगांतला विठ्ठल तिच्याबरोबर जातं ओढतो, तिची वेणी घालतो, बायकांची म्हणून ठरलेली कामं करतो. कऱ्हाडच्या सखूच्या कथेत तर तो तिचं रूप घेऊन तिच्या सासरी नांदतो, सासूचे बोल खातो आणि खरी सखू पंढरपुरात असते. देवाने बाईची भूमिका केली आणि सासूसमोर ती त्याला निभवावी लागली, ही कल्पना ज्या मुलखात शतकानुशतकं कीर्तनातून ऐकली गेली, तिथे पुरुषाने लुगडं नेसून उभं राहणं हे मुळात आश्चर्य नव्हतंच.

एकनाथांनी (१५३३–१५९९) या जमिनीवर भारुड उभं केलं. त्यांच्या भारुडांत जोशी, भुत्या, महारीण, जोगवा मागणारी, विंचू चावलेली, दादल्याला कंटाळलेली अशी कितीतरी पात्रं स्वतःच्या तोंडाने बोलतात, आणि त्यांतली पुष्कळशी बायका आहेत. सोंगी भारुडात एक पुरुष धोतरावरच लुगडं गुंडाळतो, कपाळाला मळवट फासतो आणि सासूची, नवऱ्याची, नणंदेची गाऱ्हाणी मांडतो. टाळकरी त्याला मध्येच अडवतात, टोमणे मारतात, खोदून विचारतात. पद नाथांचं असलं, तरी या प्रश्नोत्तरांतलं पुष्कळसं त्या रात्रीचं, त्या गावचं असतं. गावात कुणाची सून माहेरी निघून गेलेली असेल, तर ती गोष्टही नाव न घेता तिथे येते. सिल्लोडकडचे निरंजन भाकरे यांचं सोंगी भारुड मराठवाड्याबाहेरही गाजलं ते या हजरजबाबीपणामुळे. इथे एक आक्षेप मीच नोंदवून ठेवतो. भारुडाच्या शेवटी निरूपण येतं आणि बाईच्या तक्रारीचं अध्यात्म होतं: सासू म्हणजे माया, नवरा म्हणजे अहंकार, वगैरे. जिचं दुखणं होतं ती बाई निरूपणात विरघळते. हे खरं आहे. पण निरूपणाआधी सगळ्या गावाने, पाटील-कुलकर्ण्यांसकट, ते दुखणं बाईच्या बाजूने ऐकलेलं असतं, त्यावर हसलेलं असतं, आणि बाई म्हणून बोलणाऱ्या पुरुषाला त्याची बाजू लढवावी लागलेली असते. रूपक मागाहून आलं म्हणून आधीचा अर्धा तास पुसला जात नाही.

तमाशाच्या गवळणीत हाच प्रकार अधिक उघडा होतो. मथुरेच्या बाजारी निघालेल्या गवळणींची म्होरकी मावशी असते आणि ही मावशी पुरुष असतो. डोक्यावर पदर असतो, चालण्यात ठसका असतो, आणि पदराआडून बऱ्याचदा मिशीही दिसत असते. ती झाकायची धडपड कुणी करत नाही. ती दिसते म्हणूनच गंमत वाढते. वाट अडवणाऱ्या कृष्णाशी आणि पेंद्याशी ती दाणावरून हुज्जत घालते, कधी मुद्दाम भलतंच ऐकते, कधी देवालाच निरुत्तर करते. ही हुज्जत ठरीव पाठांतराची नसते. फडाफडाची, प्रयोगाप्रयोगाची वेगळी असते. टेबलावरच्या खेळाशी एवढं जवळचं नातं दुसऱ्या कुठल्या मराठी भूमिकेचं मला दिसत नाही. सत्तावीस वर्षांचा दाढीवाला तरुण ‘माझी चेटकीण दार ठोठावते’ म्हणतो, तेव्हा भोवतालच्या कुणाचाही असा समज होत नाही की समोर बाई बसली आहे. तरी सगळे तिच्याशी बाईशी बोलावं तसं बोलतात. मावशीने हे कधीच सिद्ध केलं होतं: विश्वास बसण्यासाठी भ्रम लागत नाही, सहभाग लागतो.

लावणीचं प्रकरण याच्या शेजारचं आणि थोडं अवघड आहे. राम जोशी, होनाजी, सगनभाऊ, प्रभाकर या शाहिरांनी पेशवाईच्या उतरत्या काळात बाईच्या तोंडून बोलणाऱ्या रचनांचा ढीग घातला, आणि पठ्ठे बापूरावांनी ती रीत विसाव्या शतकात आणली. रचणारा पुरुष, बोलणारी स्त्री, आणि बराच काळ नाचणाराही नाच्या पोऱ्या, म्हणजे मुलगाच. इथे बाईला प्रश्न विचारणारं कुणी नसतं. तिला जे वाटावं असं ऐकणाऱ्या पुरुषाला हवं असतं, तेच ती बोलते. काही लावण्यांतलं विरहाचं दुःख खरं आहे, पण सगळ्या ढिगाला बाईचं मन म्हणणं भाबडेपणाचं होईल. माझ्या कसोटीवर लावणी नापास होते ती तिच्या शृंगारामुळे नव्हे. ती एकतर्फी आहे, म्हणून.

संगीत नाटकही मग याच कसोटीवर तपासायला हवं. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांचं ‘सीता स्वयंवर’ झालं तेव्हापासून जवळजवळ नव्वद वर्षं मराठी नाटकात बाई म्हणजे प्रामुख्याने पुरुष नट. भाऊराव कोल्हटकर, केशवराव भोसले, बालगंधर्व, विष्णुपंत पागनीस, ही यादी सहज लांबवता येते. केशवरावांनी लहानपणी शारदा केली आणि पुढे ते नायकाच्या भूमिकांत गेले. ८ जुलै १९२१ च्या मुंबईतल्या संयुक्त ‘मानापमान’मध्ये ते धैर्यधर होते आणि समोर भामिनी बालगंधर्वांची. पडद्यावरही सुरुवात अशीच झाली. १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये तारामती झाले ते अण्णा साळुंके, आणि १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये तर राम आणि सीता दोघंही तेच. इंग्लंडात १६६० पर्यंत हे काम मुलांनी केलं, जपानच्या काबुकीत आजही पुरुष करतात. तेव्हा आपण काही जगावेगळं करत होतो असं नाही. कला म्हणून यातल्या उत्तम नटांनी जे साधलं त्याला मी नमस्कारच करतो. पण ती सिंधू प्रेक्षकाला उत्तर देत नव्हती. तिची वाक्यं गडकऱ्यांनी लिहिलेली होती, तिचं सोसणं आधीच ठरलेलं होतं, आणि ते इतकं देखणं होतं की सोसणं हाच बाईचा आदर्श म्हणून घरोघर गेला. बायका बाई कशी असावी हे एका पुरुषाकडून शिकत होत्या. यात गंमत वाटण्यासारखं थोडं आहे आणि विचार करण्यासारखं पुष्कळ. योगायोग असा की पुढे प्रभातच्या ‘धर्मात्मा’त (१९३५) बालगंधर्व एकनाथ झाले आणि ‘संत तुकाराम’मध्ये (१९३६) पागनीस तुकाराम. लुगडी उतरवलेल्या दोन नटांना पडद्याने संतपद दिलं.

बायकांनी पुरुष होण्याचा इतिहास कमी लिहिला गेला, कारण तो बराचसा घराच्या आत घडला. भोंडल्याच्या फेरात माहेरी जायची परवानगी मागणारी सून असते आणि तिला टोलवणारे सासरा, दीर, नवराही असतात. त्या सगळ्यांची वाक्यं बायकाच म्हणतात. मंगळागौरीच्या रात्री हे आणखी मोकळं होतं. पुरुष नसलेल्या खोलीत बायका घरच्या पुरुषांच्या नकला करतात, आणि प्रत्येक नकलेला दुसरी लगेच उत्तर देते. प्रेक्षक नाही, सगळ्याच खेळणाऱ्या. टेबलाच्या खेळाची रचना याहून वेगळी नाही. रंगमंचावर याचं सार्वजनिक रूप स्त्री-नाटकमंडळ्यांत दिसलं. १९१३ च्या ‘मोहिनी भस्मासुर’मधून पडद्यावर आलेल्या कमलाबाई गोखले यांनी पुढे अशा मंडळीत पुरुषांच्या भूमिका केल्या आणि त्यावर संसार चालवला. बालगंधर्वांविषयी जेवढं लिहिलं गेलं, त्याचा शतांशही त्यांच्याविषयी नाही. या संग्रहाच्या संपादकांनी बायकांच्या बाजूला मुद्दाम जास्त पानं दिली आहेत. काहींना ते तोल ढळल्यासारखं वाटेल, मला उशिरा केलेली भरपाई वाटते.

आता आक्षेपांकडे वळतो. पहिला आक्षेप टिंगलीचा. पुरुष बाई झाला की मुरकतो, आणि टेबलावरही मुलगे स्त्री पात्र घेतात ते एक तर मादक तरी करतात, नाही तर हास्यास्पद. अत्र्यांची ‘मोरूची मावशी’ किंवा १९८८ चा ‘अशी ही बनवाबनवी’ आठवून हा आक्षेप सहज सिद्ध करता येतो. तो मी मान्य करतो, पण अर्धाच. ‘बनवाबनवी’तली सुधा आणि पार्वती लुगड्यात अडकल्यावर त्यांना ज्या नजरा आणि जी सलगी सहन करावी लागते, तिथे विनोदाची दिशा बदलते. हसू बाईवरून सरकून तिच्याशी वागणाऱ्या पुरुषाकडे जातं. टिंगल टिकते ती पात्राला कुणी उत्तर मागत नाही तोवर. सूत्रधाराने त्या मुरकणाऱ्या पात्राला एक खरा पेच घातला, म्हणजे वारसाहक्क नाकारला, रात्रीच्या सरायीत एकटीला खोली नाकारली, की खेळणाऱ्याला ठरवावं लागतं: ही कोण आहे? मुरका तिथे कामाला येत नाही.

दुसरा आक्षेप जास्त जड आहे. पुरुषांनी बाईची भूमिका केली कारण बाईला रंगमंचावर येऊ दिलं नाही. या बंदीला परंपरा म्हणून गौरवणं चूक आहे. १९३३ च्या ‘आंधळ्यांची शाळा’त ज्योत्स्ना भोळे आणि पद्मावती वर्तक उभ्या राहिल्या तेव्हा एक अन्याय संपू लागला, मग ती जुनी रीत खेळाच्या नावाने परत कशाला आणायची? याला माझं उत्तर असं की नाटकात एक भूमिका पुरुषाने घेतली तर बाईची एक जागा जाते, टेबलावर जात नाही. तिथे मुलगी शेजारच्या खुर्चीवर बसलेली असते आणि तिच्या पात्राला कुणी पर्याय ठरत नाही. उलट मुलगा बाईचं पात्र चुकीचं रंगवत असेल, तर ती त्याच क्षणी, पात्राच्या तोंडूनच त्याला अडवू शकते. बालगंधर्वांच्या सिंधूला पिटातली बाई असं अडवू शकत नव्हती. ज्या टेबलावर एकही मुलगी नाही आणि चारही मुलांनी बायका घेतल्या आहेत, तिथे मात्र हा आक्षेप जसाच्या तसा लागू पडतो.

तिसऱ्या मुद्द्याला आक्षेप म्हणणं बरोबर नाही, ती मर्यादा आहे. काहींसाठी हे सोंग नसतंच. जोगता देवीच्या नावाने लुगडं नेसतो. हिजडा समाजातल्या, पारलिंगी माणसांचं रोजचं जगणं कुणाची भूमिका नाही. १५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नालसा प्रकरणात स्वतःची लिंगओळख स्वतः ठरवण्याचा हक्क मान्य केला, आणि लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांच्यासारख्यांनी मराठीत आपली गोष्ट स्वतः सांगितली आहे. चार तास खेळून उठणाऱ्याने आपल्याला ते जगणं कळलं असं म्हणू नये. तसंच, सोंगाची किंमत सगळ्यांना सारखी मोजावी लागली नाही. आनंद यादवांच्या ‘नटरंग’मधला पहिलवानी अंगाचा गुणा नाच्या होतो आणि माणसांतून उठतो. चित्रपटांत नाच्या रंगवणाऱ्या गणपत पाटलांना पडद्याबाहेरही कुजबुजीने सोडलं नाही. बालगंधर्वांना १९६४ मध्ये पद्मभूषण मिळालं. कनातीतल्या नाच्याला शिवी मिळाली. दोघांनी केलं ते एकच. फरक जातीचा होता, तिकीट घेणाऱ्यांच्या वर्गाचा होता आणि शालूच्या भावाचा होता. संगीत नाटकाचे इतिहासकार या फरकाशी येऊन पान उलटतात, अशी माझी जुनी तक्रार आहे.

हे सगळं आज का, याचं एक कारण अगदी व्यावहारिक आहे. हा खेळ पुण्या-मुंबईच्या कॅफेंतून आणि इंटरनेटवरून लहान गावांतही पोचतो आहे. त्याला लागतं काय, तर कागद, पेन्सिल, फासे आणि मोकळी संध्याकाळ. नियमपुस्तकं इंग्रजीत असली, तरी पूर्णेची मुलं खेळायला बसली तर ती मराठीतच भांडणार. आणि मराठीत खेळताना असं काही घडतं ज्याचा विचार त्या पुस्तकांना करावा लागलेला नाही. इंग्रजीत खेळणारा प्रथमपुरुषी बोलत राहिला तर तासभर पात्राचं लिंग उच्चारलंच जात नाही. मराठीत पहिल्या वाक्यातच निवड करावी लागते: ‘मी आत गेले’ की ‘मी आत गेलो’. बाईचं पात्र घेतलेल्या मुलाला जवळजवळ प्रत्येक क्रियापदाला बाई व्हावं लागतं, चारचौघांत, मित्रांसमोर. भारुड करणारा हे सहज करतो, कारण नाथांचं पद त्याच्या पाठीशी असतं. वीस वर्षांच्या मुलाच्या पाठीशी कुणी नसतं. कोल्हापूरकडच्या बायका ‘मी आलो’ म्हणतात आणि त्यात कुणाला वावगं वाटत नाही. पुरुषाने ‘मी आले’ म्हटलं की मात्र खोली हसते. ते हसू कशाचं आहे, हे समजून घ्यायला मराठी टेबलाइतकी चांगली जागा मला सुचत नाही.

म्हणून या संग्रहाने दोन टोकांना एकत्र बसवलं आहे. एकीकडे भारुड, गवळण, दशावतार, संगीत नाटक, भोंडला यांवरचे अभ्यासू लेख आहेत, दुसरीकडे खेळणाऱ्यांचं आणि सूत्रधारांचं लेखन. लोककलेच्या अभ्यासकांना फाशांचा खेळ पोरकट वाटतो आणि खेळणाऱ्यांना भारुड म्हणजे आजोबांची करमणूक. दोघांनी एकमेकांचं वाचावं हा इथला प्रयत्न आहे, आणि मान्य करायला हवं की काही लेखांत तो जमलेला नाही. तिथे दोन जगं शेजारी बसतात पण बोलत नाहीत. दशावतारावरचा भाग मला त्रोटक वाटला. तमाशातल्या मावशीवरचा विभाग मात्र इतका भरला आहे की त्याचं वेगळं पुस्तक व्हावं. खेळाच्या बैठकींचं शब्दांकन छापताना संपादकांनी एक पथ्य पाळलं आहे. बोलता बोलता खेळणारा ‘गेले’वरून ‘गेलो’वर आला, किंवा पात्र बाजूला ठेवून बोलतानाही ‘थांबा, मी पाणी पिऊन येते’ म्हणून गेला, तर ते क्रियापद त्यांनी दुरुस्त केलेलं नाही. मुद्रितशोधनातली चूक समजून वाचकांनी तिथे पेन्सिलीची खूण करू नये.